भिलाईत आलेला परका : शंकर गुहा नियोगी



१ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. कॅलेंडरच्या त्याच चौकटीत खाली बारीक अक्षरात 'कामगार दिन' असंही छापलेलं असतं, पण तिकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. आजची गोष्ट त्या बारीक अक्षरांपासून सुरू करू या.

१८८६ च्या मे महिन्यात अमेरिकेत शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. ४ मे रोजी हेमार्केट चौकातल्या सभेत कुणीतरी बॉम्ब फेकला. तो कुणी फेकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी आठ जणांना दोषी ठरवलं गेलं आणि त्यातले चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेले. या आठांपैकी सहा जण दुसऱ्या देशांतून पोट भरायला आलेले होते. बॉम्ब त्यांनी फेकल्याचा पुरावा नव्हता, पण ते 'अराजकवादी' होते आणि तेवढं पुरेसं ठरलं. १८९३ साली त्याच राज्याच्या गव्हर्नरने वाचलेल्या तिघांना माफी दिली आणि खटला न्यायाने चालला नव्हता, हे कारण लेखी नोंदवलं. बाकीच्यांसाठी उशीर झाला होता.

आता अराजकवादी म्हणजे कोण? शब्दाचा नेमका अर्थ असा, की ज्याला राज्यसंस्थाच नको, माणसं आपापसांत सहकार्याने राहू शकतात असं ज्याला वाटतं, तो. आपल्याकडे या अर्थाने खरा अराजकवादी शोधायचा तर एम. पी. टी. आचार्य यांचं नाव घ्यावं लागेल. मद्रासचा हा क्रांतिकारक युरोप, रशिया पालथा घालून मुंबईत आला आणि १९५४ मध्ये मुंबईतच वारला. पण बोलीभाषेत आपण हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतो. जो घडी मोडतो, संप करतो, साहेबाला उलट विचारतो, तो अराजक माजवणारा!

आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, तो पुस्तकी अर्थाने अराजकवादी नव्हता. त्याची घडण मार्क्सवादी विचारांत झाली होती. पण 'बाहेरून आलेला, कामगारांना भडकवणारा, अराजक माजवणारा' हे सगळं त्याच्याबद्दल मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नुसतं ऐकलं नाही, बोललोही आहे. म्हणून हा भाग करायचं मी बरेच दिवस टाळत होतो.

दोन भिलाई

मी भिलाईचा. वडील मूळचे भंडारा जिल्ह्यातले. मुंबई-हावडा मार्गावर नागपूरहून गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. नागपूर सोडल्यावर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. त्यामुळे विदर्भातली कितीतरी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, म्हणजे आम्ही फार लांब गेलो असंही नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघात करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. माझा जन्म त्याच वर्षीचा. त्यामुळे आई म्हणायची, 'हा आणि भट्टी एकाच सालचे, दोघंही तापट!'

आम्ही सेक्टरमध्ये वाढलो. सरळ रस्ते, झाडं, शाळा, दवाखाना, मैदान. शेजारी मल्याळी, समोर बंगाली, मागे पंजाबी. गणपतीत सगळे आमच्याकडे आणि दुर्गापूजेत आम्ही त्यांच्याकडे. भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. हा आमचा भारत होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. इथले रूळ देशभर अंथरले आहेत. आयएनएस विक्रांतसाठी लागलेल्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे. फौजी माणसाला याहून वेगळं काय हवं?

पण या कारखान्याला लागणारं लोहखनिज कुठून येतं, हे आम्हा पोरांना फक्त भूगोलाच्या पेपरापुरतं माहीत होतं. उत्तर : दल्ली-राजहरा. गुण : एक. भिलाईच्या दक्षिणेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर लाल डोंगर आहेत. तिथे यंत्राच्या खाणी होत्या तशा हाताच्या खाणीही होत्या. हाताच्या म्हणजे शब्दशः हाताच्या. पुरुषांनी घण मारून दगड फोडायचा, बायकांनी तो टोपलीतून डोक्यावर वाहायचा आणि ट्रकमध्ये भरायचा. छत्तीसगडात मजूर बाईला 'रेजा' म्हणतात. हे सगळे कंत्राटदाराचे मजूर. माल भरला तर पैसे. ट्रक आला नाही, तर दिवसभर उन्हात बसूनही पैसे नाहीत. पावसाळ्यात काम बंद, तेव्हाही पैसे नाहीत.

एकाच पोलादासाठी राबणारी ही दोन माणसं. एक सेक्टरमधला, एक झोपडीतला. मधे फक्त एक कंत्राटदार.

धीरेशचा शंकर झाला

शंकर गुहा नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ चा. मूळ नाव धीरेश. बंगाली कुटुंब, बालपण आसामात, पुढचं शिक्षण बंगालमध्ये आसनसोलच्या कोळसा पट्ट्यात आणि जलपैगुडीकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा तरुण नोकरीसाठी भिलाईत आला. आमच्या वडिलांसारखाच, हजारो इतरांसारखाच.

काम मिळालं कोक ओव्हन विभागात. ज्यांनी हा विभाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोतभट्टीत कच्चा कोळसा चालत नाही. तो आधी बंद कोठड्यांमध्ये, हवा लागू न देता, हजार अंशांच्या वर तासन् तास तापवावा लागतो, तेव्हा त्याचा कोक होतो. त्या कोठड्यांच्या माथ्यावर माणसं काम करतात. खालची जमीन इतकी तापलेली, की पायात लाकडी तळव्याचे जोडे घालावे लागतात. वर धूर, वायू आणि डांबराचा वास. कामगार चळवळ या माणसाने पुस्तकातून उचलली नाही, ती त्याला पायाच्या तळव्यांतून कळली.

तो कामगारांना संघटित करू लागला, आणि १९६७ साली त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी त्याच्या ओळखीच्या उत्तर बंगालात नक्षलबारी घडलं. त्या विचाराकडे तो ओढला गेला, त्या गटांमध्ये काही काळ वावरला, 'स्फुलिंग' नावाचं साप्ताहिक चालवलं. इथे मी स्पष्ट बोलतो. मी सैनिक आहे. राज्यघटनेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या विचाराशी माझा समझोता होऊ शकत नाही. पण म्हणूनच पुढचा भाग महत्त्वाचा आहे. हा माणूस त्या वाटेवर राहिला नाही. माणसांना बरोबर न घेता चाललेली क्रांती त्याला पटली नाही आणि तो त्या गटांपासून वेगळा झाला.

पोलीस मागावर होते. त्याने धीरेश हे नाव टाकलं आणि 'शंकर' झाला. छत्तीसगडच्या खेड्यांत राहिला. मजुरी केली, मासे धरले, बकऱ्या विकल्या, छत्तीसगढी बोली शिकला. शेवटी दानीटोल्याच्या क्वार्टझाइट खाणीत मजूर म्हणून लागला. हीसुद्धा भिलाईच्याच कारखान्याला माल पुरवणारी खाण. तिथल्याच श्रमिक कुटुंबातल्या आशाबाईंशी त्याने लग्न केलं. आणीबाणीत मिसाखाली त्याला अटक झाली आणि तेरा महिने तो तुरुंगात होता.

पाहा मंडळी, आपण म्हणतो 'बाहेरचा माणूस'. बाहेरचा माणूस आतला कधी होतो? सेक्टरमध्ये राहून, छत्तीसगढीचं एक वाक्य न शिकता आम्ही 'भिलाईचे' झालो. हा मात्र इथल्या खाणीत दगड फोडून, इथल्या घरात सून नव्हे तर जावई होऊन शेवटपर्यंत 'बंगालातून आलेला' राहिला.

राजहरा, १९७७

१९७७ च्या सुरुवातीला राजहऱ्यात बोनसचा करार झाला. तिथल्या प्रस्थापित युनियननी मान्य केलेल्या आकड्यांनुसार नियमित कामगाराला ३०८ रुपये आणि कंत्राटी मजुराला ७० रुपये. डोंगर एक, खनिज एक, घाम एक. कंत्राटी मजूर जुन्या युनियनमधून बाहेर पडले आणि लाल मैदानात येऊन बसले. नेता नव्हता. दानीटोल्यात एक माणूस आहे, तुरुंगातून आला आहे, मजूरच आहे, असं कुणीतरी सांगितलं. ते जाऊन त्याला घेऊन आले. म्हणजे ज्याने येऊन 'भडकवलं' असं आम्ही म्हणायचो, त्याला खरं तर बोलावून आणलं होतं. तिथून 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' उभा राहिला आणि बघता बघता सुमारे दहा हजार मजूर त्यात आले.

त्यांच्या मागण्या ऐका. कामावर आलो आणि काम दिलं नाही, तर त्या दिवसाची काहीतरी मजुरी द्या. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीसाठी १०० रुपये द्या. एवढंच.

२ जूनच्या रात्री पोलिसांनी युनियनच्या झोपडीतून नियोगींना उचललं. दुसरी गाडी निघण्याआधी मजुरांनी ती घेरली आणि त्यातल्या पोलिसांना अडवून ठेवलं : आमचा माणूस सोडा, मग यांना सोडतो. गोळीबार झाला. पहाटेनंतर जादा कुमक आल्यावर पुन्हा झाला. दोन्ही मिळून अकरा माणसं मेली. त्यांत अनुसूया बाई नावाची एक कामगार स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगा होता.

मी तेव्हा अठरा वर्षांचा. सुट्टीत घरी होतो. सेक्टरमध्ये बातमी पोचली ती अशी : राजहऱ्यात दंगा झाला, त्या नक्षलवाद्याने घडवला. मी मित्रांमध्ये तावातावाने बोललो, की असल्यांना असंच सरळ केलं पाहिजे. घरी जेवताना पुन्हा तेच म्हणालो. बाबा फार बोलणारे नव्हते. भात कालवता कालवता म्हणाले, 'मेलेल्यांत एक बाई आहे आणि एक पोरगं आहे. तू अजून एकदा विचार कर, मग बोल.' मी विचार केला नाही. त्या वयात कोण करतो?

चार वर्षांनी मी कमिशन घेतलं. नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य जातं तेव्हा काय करायचं, हे आम्हाला शिकवलं गेलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये वाक्य होतं त्याचा आशय असा : जमाव पांगवण्यासाठी लागेल तेवढीच, कमीत कमी ताकद वापरायची आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करायची. आधी इशारा. नीट ऐकू जाईल असा. मग वेळ द्यायचा. मग दुसरे उपाय. गोळी अगदी शेवटी, आणि तीही मोजून. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब द्यायचा. पुढे एका शहरात अशा कामावर मी तुकडी घेऊन गेलो होतो. समोर दगड हातात घेतलेली पोरं, मागे माझे घाबरलेले, संतापलेले जवान. एकही गोळी न झाडता परत आलो. परत येताना गाडीत मला बाबांचं ते वाक्य आठवलं. तेव्हा मी विचार केला. पाच-सहा वर्षं उशिरा.

मजुरांनी पोलिसांना अडवून ठेवलं हे बेकायदा होतं, यात शंका नाही. पण अडवलेल्या माणसांना सोडवायला वेळ असतो, बोलणी असतात, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस तर पोलिसांच्याच ताब्यात होता.

शिस्त म्हणजे काय

अकरा माणसं गेल्यानंतर त्या दहा हजार लोकांनी काय केलं, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. डोंगर त्यांचा, घण त्यांच्या हातात, खाण म्हटली की स्फोटकं आलीच. आणि नेत्याचा पूर्वेतिहास तुम्हाला सांगितला. सूड घेणं अवघड नव्हतं. त्यांनी सूड घेतला नाही. संप चालू ठेवला आणि मागण्या पदरात पाडून घेतल्या.

मजुरी वाढली तशी एक नवीन गोष्ट नियोगींच्या लक्षात आली. वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्यात चालला होता. युनियनने दारूबंदी हाती घेतली. वरून आदेश काढून नव्हे, मोहल्ल्या-मोहल्ल्यात सभा घेऊन. बायका पुढे होत्या. पिणाऱ्याला जाहीर सभेत उभं करायचे, दंड घ्यायचे आणि बऱ्याचदा तो पैसा त्याच्याच बायकोच्या हाती द्यायचे. मी आयुष्यभर जवानांबरोबर राहिलो आहे. दारू सोडवणं काय असतं हे मला माहीत आहे. हुकुमाने ती सुटत नाही. हजारो कामगारांची दारू ज्याने सुटवली, त्याला अराजक माजवणारा म्हणायचं तर 'शिस्त' या शब्दाला नवा अर्थ शोधावा लागेल. दारूच्या धंद्यातल्या लोकांना मात्र हे आवडलं नाही. १९८१ मध्ये नियोगींना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पुन्हा आत टाकण्यात आलं.

युनियनचे सतरा विभाग होते. मजुरी आणि बोनस हे त्यातलं एक काम. बाकी शिक्षण, आरोग्य, खेळ, बचत, शेती, संस्कृती, महिला, घरं. नियोगी म्हणायचे, युनियन ही आठ तासांपुरती नाही, माणसाच्या चोवीस तासांसाठी हवी. त्यांचं सूत्र होतं : संघर्ष आणि निर्माण. झेंडा लाल-हिरवा. लाल कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा.

युनियनच्या एक उपाध्यक्ष होत्या कुसुमबाई. वेळेवर नीट उपचार न मिळाल्याने बाळंतपणात त्या गेल्या. त्यातून स्वतःचा दवाखाना काढायचं ठरलं. आधी छोटा बाह्यरुग्ण विभाग निघाला. मग मजुरांनी वर्गणी काढून, पाळीनंतर श्रमदान करून रुग्णालय बांधलं. ३ जून १९८३ ला, म्हणजे गोळीबाराच्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचं 'शहीद अस्पताल' सुरू झालं. उद्घाटनाला मंत्री नव्हता. एका वृद्ध खाणकामगाराने आणि एका वृद्ध शेतकऱ्याने ते केलं. डॉ. बिनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना, डॉ. पुण्यव्रत गुण असे शहरांत शिकलेले डॉक्टर तिथे येऊन राहिले. मजुरांची मुलं-मुली आरोग्यसेवक झाली. जुलाबाला मीठ-साखर-पाणी, उगाच सलाईन नाही, उगाच इंजेक्शन नाही, हे तिथे शिकवलं गेलं.

तिसरी गोष्ट यंत्रांची. हाताच्या खाणी बंद करून तिथे पूर्ण यंत्रं आणायचा विचार होता. हजारो मजूर बेकार झाले असते. युनियनने नुसतं 'नाही' म्हटलं नाही. तांत्रिक माणसांना हाताशी धरून 'अर्ध-यंत्रीकरणा'ची योजना मांडली : जिथे माणसाच्या अंगाला आणि मालाच्या दर्जाला फायदा होतो तिथे यंत्र, जिथे माणूस ते काम नीट करू शकतो तिथे माणूस. दल्लीच्या खाणीत ती बराच काळ मान्य झाली. आज आपण सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील म्हणून धास्तावलो आहोत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घण मारणाऱ्या माणसांनी तोच प्रश्न किती थंड डोक्याने सोडवला, ते पाहण्यासारखं आहे.

१९७९ मध्ये 'छत्तीसगढ मुक्ती मोर्चा' निघाला. त्यांनी वीर नारायण सिंह यांची स्मृती जागी केली. सोनाखानच्या या आदिवासी जमीनदाराने १८५६ च्या दुष्काळात सावकाराचं धान्य भुकेल्यांना वाटलं होतं आणि डिसेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना रायपुरात मृत्युदंड दिला. छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. त्याच्या एकवीस वर्षं आधी खाणीतले मजूर, एका बंगाल्याबरोबर, छत्तीसगडच्या माणसाला त्याचा स्वतःचा इतिहास सांगत होते.

भिलाईत परत

१९९० मध्ये नियोगी पुन्हा भिलाईत आले. पोलाद कारखान्याच्या भोवती खासगी कारखाने उभे राहिले होते. तिथल्या कंत्राटी कामगारांची स्थिती राजहऱ्याच्या जुन्या दिवसांसारखी होती. मागण्याही तशाच साध्या : जगण्यापुरतं वेतन, कायम नोकरी, ओळखपत्र, आठ तास. युनियनमध्ये आलेल्या हजारो कामगारांना कामावरून कमी करण्यात आलं. हल्ले झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या प्रकरणांवरून नियोगींना अटक झाली. सुटल्यावर त्यांना जिल्ह्यांतून हद्दपार करण्याची कारवाई सुरू झाली, ती उच्च न्यायालयात थांबली. तीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला हद्दपार कुठे करणार होते?

सप्टेंबर १९९१ मध्ये ते कामगारांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांना निवेदन दिलं. ज्याला आम्ही व्यवस्था मोडणारा म्हणत होतो, तो या व्यवस्थेच्या सर्वांत वरच्या दारात अर्ज घेऊन उभा होता. जिवाला धोका आहे हे त्यांना ठाऊक होतं, एका ध्वनिफितीत तसं बोलूनही ठेवलं होतं.

२८ सप्टेंबर १९९१. भिलाईच्या हुडको वसाहतीतलं भाड्याचं घर. पहाटेच्या अंधारात झोपलेल्या माणसावर उघड्या खिडकीतून गावठी कट्ट्याने गोळ्या झाडल्या गेल्या. वय ४८.

अंत्ययात्रा राजहऱ्यात निघाली. देह लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळलेला. माणसांचा समुद्र होता, आणि त्या दिवशीही कुणी दगड उचलला नाही.

खटला चालला. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि काही उद्योजकांसह इतर आरोपींना जन्मठेप दिली. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली, बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. न्यायालयाचा निर्णय मी मानतो. पण भाड्याने आणलेल्या मारेकऱ्याला भाडं कुणी दिलं, हा प्रश्न कायद्याच्या कागदावर अनुत्तरितच राहिला.

आणि मग १ जुलै १९९२. नोकरी गेलेले कामगार बायकामुलांसह भिलाई पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसले. मुंबई-हावडा मार्ग दिवसभर बंद पडला. संध्याकाळी पोलिसांचा गोळीबार झाला. सोळा कामगार मेले. मी पुन्हा म्हणेन, रेल्वे अडवणं बेकायदा आहे. आणि पुन्हा विचारेन, कमीत कमी ताकद म्हणजे किती? जिथे रूळ बनतात, त्याच गावच्या रुळांवर ती माणसं पडली.

मराठी माणसाने हे का ऐकावं

कारण आपल्याकडेही हे झालं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते. डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत भररस्त्यात हत्या झाली. दोन्ही माणसांचे मार्ग, स्वभाव वेगळे. सामंतांच्या संपाची चिकित्सा जरूर व्हावी, नियोगींचीही व्हावी. नियोगींच्या संघटनेत त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस वेळेत उभा राहिला नाही आणि त्यांच्यानंतर संघटना फुटली, विखुरली. चांगल्या कमांडिंग ऑफिसरची परीक्षा तो गेल्यावर पलटण कशी चालते यावर होते. त्या परीक्षेत ते पूर्ण उतरले असं मी म्हणणार नाही.

पण शहीद अस्पताल चालू आहे. निवृत्त झाल्यावर मी एकदा गेलो होतो. बाहेर लांबून आलेली माणसं गाठोडी घेऊन बसली होती. एका रुग्णाचा नातेवाईक, पिकलेल्या मिशांचा म्हातारा, हाताची बोटं घणाने वाकडी झालेली, माझ्याशी बोलत बसला. मी भिलाईचा म्हटल्यावर त्याने विचारलं, 'कौन सेक्टर?' मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, 'तुमन के लोहा हमर पथरा ले बनथे, साहेब.' तुमचं लोखंड आमच्या दगडातून बनतं, साहेब. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

फौजेत आम्हाला शिकवलं, की शिस्त भीतीने येते ती खोटी, विश्वासाने येते ती खरी. भीतीची शिस्त अधिकारी पाठमोरा झाला की संपते. राजहऱ्यातल्या मजुरांचा नेता तुरुंगात असतानाही त्यांची शिस्त टिकली, तो मारला गेला तेव्हाही टिकली. गडबड, बेबंदशाही, हुकमाविना झाडलेल्या गोळ्या ज्याला म्हणतात, ती कुठल्या बाजूला होती, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. मला कळायला बराच काळ लागला. बाबा १९७७ सालीच म्हणाले होते, अजून एकदा विचार कर, मग बोल.

दरवर्षी ३ जूनला आणि २८ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. कधी मुंबई-हावडा गाडीने जात असाल आणि पॉवर हाऊस स्टेशन खिडकीतून मागे गेलं, तर त्या सोळा जणांची क्षणभर आठवण काढा. तुमची गाडी त्यांच्याच रुळांवरून चाललेली असते.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार. जय हिंद!